जनुकं बघून घेतील

आमच्या शेजारचे सर तीर्थपुरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. काहीही विचारा, ते तुमच्या खांद्यावर हात ठेवून, डोळे मिटून, ‘कोट्यवधी वर्षांपूर्वी’पासून सुरुवात करायचे. त्या साली मोसंबीचा बहार धरायचा म्हणून मी बागेचं पाणी तोडलं होतं. वर्षाची सगळी आशा त्या बहारावर. हा ताण कधी मोडायचा, म्हणजे पाणी परत कधी सोडायचं, हे चार बागाइतदारांना सोडून मी सरांना विचारलं.

"फळ कधी धरायचं, हे झाडाची जनुकं कोट्यवधी वर्षांपासून ठरवून राह्यली. तुम्ही मधे पडू नका, ती बघून घेतील."

जनुकं म्हटल्यावर मी इतका दबलो की पाणी सोडायला धजलोच नाही. पानं गळून बागेचे खराटे झाले.

बहार बघायला जालन्याचा व्यापारी आला, तेव्हा सर माझी बाजू सावरायला आले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फळ म्हणजे मुळात घडी पडलेलं पानच, बरं का!"

व्यापाऱ्यानं वर बघितलं. "मंग सर, आदी पानं तरी येऊ द्या."

"शाब्बास! उत्क्रांतीचा क्रम बराबर पकडला!"

व्यापारी फटफटीला किक मारून निघून गेला. सर त्या धुळीकडं कौतुकानं बघत मला म्हणाले, "असा विद्यार्थी मिळत न्हाई हो हल्ली."