खो-खोच्या मुलींची गाडी

क्रिकेटच्या सरांनी आमच्या खो-खोच्या मुलींना फसवलं आणि प्राचार्यांनी त्यांना पाठीशी घातलं. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर खो-खो शिकवतो. हे तोंडावर बोलणारा मी एकटाच, म्हणून भांडखोरही मीच.

आमचं मैदान मी आणि मुलींनी हातानं केलं होतं. खडे वेचले, भोंगवलीच्या एका शेतकऱ्याशी घासाघीस करून दोन ट्रॉल्या माती आणली. खो-खोत सूर मारायचा तर माती मऊ लागते. तीच सपाट जागा क्रिकेटच्या सरांच्या डोळ्यांत भरली.

कॉलेजची गाडी एकच, आणि ती कायम क्रिकेटला. म्हणून मी सौदा केला. हंगामभर मैदान तुम्ही घ्या, विभागीय स्पर्धेच्या दिवशी गाडी आम्हाला. सरांनी हात पुढे केला. प्राचार्य समोर बसून म्हणाले, "ठरलं तर मग." मी बैलबाजारात वाढलेला माणूस. तिथं रुमालाखाली बोटं दाबली की सौदा झाला. मागं फिरणाऱ्याला पुढच्या बाजारी कुणी उभं करत नाही. कागद मागायचं माझ्या मनातही आलं नाही.

मैदानावर रोलर फिरला. मुली मागच्या खडकाळ तुकड्यावर गुडघे फोडून घेत सराव करू लागल्या.

स्पर्धेच्या दिवशी सहापासून आम्ही कापूरहोळच्या फाट्यावर उभे. आमची कप्तान विंझरच्या वरच्या वस्तीवरची, घरी मेंढरं. ती आदल्या दिवशीच मैत्रिणीकडे येऊन राहिली होती. तिचं शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या निवडीला नाव जायचं ते याच स्पर्धेतून.

सात वाजता मी सरांना फोन लावला.

"अहो, गाडी सराव सामन्याला आलीय. तुम्ही जा की एसटीनं."

"तुमचा सराव, आमची स्पर्धा! शब्द दिला होता ना?"

"शब्दावर गाडी चालती का, सर? डिझेल लागतं."

पुढं मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. भरलेल्या दोन एसट्या थांबल्याच नाहीत. पोहोचलो तेव्हा समोरच्या संघाला पुढे चाल दिलेली होती.

परतताना कप्तान माझ्या शेजारी बसली. "सर, मैदान आमी केलं व्हतं. सौद्याआधी आमाला इचारलं का?"

"न्हाई. चुकलं माझं."

"गाडी आली असती, तर चुकलं म्हणला असता व्हय?"

बाकीच्या मुली खिडकीबाहेर बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मलाच विचारलं, "गाडीसाठी तुमचा लेखी अर्ज कुठं आहे?"

माझी चूक मी कप्तानसमोर कबूल केली. पण सराव सामन्याला गाडी कुणाच्या सहीनं गेली? त्यासाठी कुणी लेखी अर्ज दिला होता? प्राचार्यांनी हे मला सांगू नये. त्या मुलीला समोरच्या खुर्चीत बसवून तिला सांगावं.