शेवटचं दळण श्रेयाचं

शेळगावात कुशाबाईची गिरण आणि माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान समोरासमोर. मधे दहा फूट रस्ता. त्यामुळे गेली अठरा वर्षं या बाईनं कुणाचं दळण आधी घेतलं, कुणाच्या सुनेला बसायला पोतं दिलं आणि कुणाच्या सुनेला मुद्दाम उभं ठेवलं, हे सगळं मला पाठ आहे. विहिरीवरच्या मोटारी जळतात त्या उन्हाळ्यात. बाकीचे आठ महिने माणसाला काहीतरी उद्योग हवाच की.

कुशाबाई साठीची. उंच, वाळकी, आणि भुवयांपासून पायाच्या नखापर्यंत पिठानं पांढरी. डाव्या हाताच्या करंगळीचं टोक गिरणीच्या पट्ट्यानं नेलेलं. मी सकाळी शटर वर केलं की हाक मारायचो, "काय भूतबाई, उठली का?"

"उठलीय, मेल्या संभा. तुज्या मानगुटीवर बसायला येळ हाय आजून."

गावाचे तिच्यावर दोन आरोप होते, आणि दोन्ही गावभर करण्यात माझा वाटा मोठा होता.

पहिला आरोप असा, की ती मूठ मारते. प्रत्येकाच्या डब्यातलं मूठभर पीठ काढून कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पिंपात टाकते. हा आरोप खरा होता. मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा तर तिच्या तोंडावर विचारलं, "कुशे, एवढ्या पिठाच्या भाकरी कोण खातं गं? तू तर काडीवाणी."

"तुझं तेरावं घालायला साठवतीय," ती म्हणाली.

दुसरा आरोप नंबराचा. गिरणीत ज्याचा डबा आधी त्याचं दळण आधी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण कुशाबाईकडं दोन-तीन पोरांचे डबे कायम शेवटी जायचे. त्यातही श्रेयाचा हटकून सगळ्यात शेवटी. श्रेया ही आमच्या मागच्या आळीतल्या दीपकची पोरगी. सहावीत, दोन वेण्या, बोलणं कमी. शाळा सुटली की चार-साडेचारला डबा घेऊन यायची आणि तिचं दळण निघायचं सात वाजता. मागनं आलेल्या बायका दळून, गप्पा मारून घरी जायच्या, ही पोत्यावर बसून अभ्यास करतेय.

मी एकदा तिला मुद्दाम डिवचलं. "श्रेये, म्हातारीनं तुझा नंबर खाल्ला की गं! भांड जरा तिच्याशी."

"न्हाय तात्या. मला घाई न्हाय."

मी मनात म्हटलं, पोरगी मंद दिसतेय. मंद कोण होतं ते पुढं कळलं.

दीपक ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. हंगाम असला की निदान दिवसा गाडीवर असायचा. हंगाम संपला की अंथुर्ण्याच्या रस्त्याला एक दुकान आहे, ज्याला पाटी नाही पण पत्ता सगळ्यांना माहीत आहे, तिथं. दुपारी तीनपर्यंत भरून घरी यायचा. त्याची बायको नकोशी. तीन बहिणींच्या पाठची चौथी म्हणून बापानं ते नाव ठेवलं आणि रेशनकार्डापर्यंत तेच आलं. ती वालचंदनगरला क्वार्टर्समधली धुणीभांडी करून सातच्या एसटीनं परत यायची. म्हणजे चार ते सात घरात कोण, तर पिऊन आलेला बाप आणि ही पोर. आता सांगा, डबा शेवटी का जायचा? एवढं साधं गणित मला दहा फुटांवरून सुटलं नाही. कुशाबाईनं पोरीला "घरी काय चाललंय" असं एकदाही विचारलं नव्हतं. दळण तेवढं उशिरा लावायची.

तर श्रावणातल्या पहिल्या शनिवारी मारुतीच्या पारावर दीपकची दारू सोडवायचा कार्यक्रम झाला. कल्पना आमच्या अप्पांची. अप्पा म्हणजे गावातलं वडीलधारं माणूस, तंट्याला आणि लग्नाला पहिली खुर्ची त्यांची. दीपकला आंघोळ घालून, कपाळाला अष्टगंध लावून आणला होता. बायकांना बोलावलं नव्हतं. पारावरची कामं पुरुषांची. त्यामुळे कुशाबाईला यातलं काही माहीत नव्हतं.

अप्पा म्हणाले, "शपथेला बेलभंडारा उचलायला लावू."

मी म्हणालो, "अप्पा, बेलभंडारा त्यानं तीनदा उचललाय आन् तीनदा मोडलाय. कायतरी जालीम पायजे. पोरीला बोलवा."

हे बोललो मी. लिहायचं तर हेही लिहायला पाहिजे.

श्रेया शाळेच्या ड्रेसवरच आली. दीपकचा हात तिच्या डोक्यावर ठेवला. माझ्या अंगात आलं. गुरुजीचा आवाज काढून मी म्हणालो, "दीपकराव, हितनं पुढं थेंब जरी घशाखाली गेला, तर ही पोर जित्ती ऱ्हानार न्हाय. कबूल?"

"कबूल," दीपक म्हणाला आणि रडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शंभूराज किराणावाल्यानं पेढे वाटले. कुणीतरी म्हणालं, तात्यांनी नाटकात जायला पाहिजे होतं. श्रेयानं पेढा घेतला, पण खाल्ला नाही. मुठीत धरून घरी गेली.

नवव्या दिवशी दीपक प्यायला.

ही गोष्ट आम्हाला तीन आठवडे कळली नाही, कारण त्या अकरा वर्षांच्या पोरीनं ती कळू दिली नाही. शाळेतनं आली की बापाला आत निजवायचं, दाराला बाहेरनं कडी लावायची आणि मग गिरणीत यायचं. त्याच्या तोंडात लवंग कोंबायची. ओकला तर आई यायच्या आत शेणानं सारवून ठेवायचं. कुणी विचारलं तर, "पप्पांना थंडीताप आलाय." नकोशीला वासावरनं कळायचंच, पण पोरीनं तिचे पाय धरले: "आई, कुणाला सांगू नको. तुला माजी शपथ." नकोशीला वाटलं, पोर आता मोठी झाली, तिला लाज वाटतेय.

आणि आम्ही? आम्ही पारावर बसून एकमेकांच्या पाठी थोपटत होतो. दीपक सुधारला म्हणून. मीच दोन गावांत सांगून आलो.

गणपती बसले त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी गिरणीत दळण टाकायला गेलो. श्रेयाचा डबा नेहमीप्रमाणे शेवटी. कुशाबाई पट्टा नीट करायला आत वळली, तेवढ्यात मी गंमत म्हणून डब्याचं झाकण उघडलं. आत पीठ. दळलेलं पीठच.

"आरं तिच्या!" मी ओरडलो. "पोरगी पिठाचं पीठ करायला आली! आगं, उद्या भाकरी घिऊन येशील दळायला!"

चार बायका खो-खो हसल्या. श्रेयाचं तोंड पांढरं पडलं. तिनं डबा तसाच सोडला आणि पळाली.

कुशाबाई बाहेर आली. ती माझ्यावर ओरडली नाही, हेच वाईट. तिनं तो डबा उचलला, कोपऱ्यातल्या पिंपातलं पीठ त्यात भरलं आणि झाकण लावलं.

"धान्य सपलं की पोर पीठ घिऊन येती," ती म्हणाली. "हितं बसायला कारण पायजे तिला. मी तेच पीठ परत चक्कीतनं काढून देती. जाताना डबा भरून देती. तुला चोरी दिसली, व्हय ना?"

मी काहीतरी पुटपुटलो आणि दळण न घेताच दुकानात आलो.

दुसऱ्या दिवशी श्रेया आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या दिवशी साडेचारला, दारात सात-आठ डबे असताना, कुशाबाईनं गिरणीचं बटण बंद केलं. बायका ओरडायला लागल्या. ती पदर झटकत मागच्या आळीत गेली आणि पाच मिनिटांत तिथनंच तिची हाक आली, "संभा! गाडी काढ!"

दीपक ओट्यावर उताणा पडला होता. आत श्रेया गुडघे छातीशी घेऊन जमिनीवर. अंग तव्यासारखं. पोटाला हात लावू देत नव्हती. मी माझी ओम्नी काढली. मागच्या सीटवर कुशाबाईच्या मांडीवर तिचं डोकं. आम्ही बारामतीच्या रस्त्याला लागलो.

"कवापासनं दुखतंय?"

"परवापासनं."

"मग बोलली का न्हाईस, बाय?"

तिनं कुशाबाईचा पदर मुठीत धरला. मग म्हणाली, "मावशी, दवाखान्यात नको. डॉक्टरला कळंल."

"काय कळंल?"

"पप्पा पिले ते. कुणाला कळलं न्हाय तर शपथ मोडत न्हाय. कळलं की मोडती. आता मोडलीच आसंल. म्हणून दुखतंय."

"कसली शपथ?"

पोरीनं डोळे गच्च मिटले. कुशाबाईनं आरशातनं माझ्याकडं पाहिलं. मी रस्त्याकडं बघत सगळं सांगितलं. पार, डोक्यावरचा हात, मी काढलेला आवाज, टाळ्या. वालचंदनगरचा फाटा येईपर्यंत कुशाबाई पदरानं पोरीचं कपाळ पुसत राहिली.

मग म्हणाली, "आमच्या ह्यांनी माज्या रणजितच्या डोक्यावर सात येळा हात ठिवला. मीच ठिवायला लावला. आठव्यांदा ते लिव्हरनं गेले. रणजित नऊ वर्साचा. त्याला वाटलं, आपन मरायचं हुतं, बाप मेला. आता पस्तिशीचा हाय, भोसरीला कंपनीत. पाया पडतो, पण डोक्यावर हात ठिवू देत न्हाय. मलाबी न्हाय." शेवटी म्हणाली, "तू लहान पोरांत येत जाऊ नगंस, संभा."

बारामतीत डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि लगेच आत घेतलं. अपेंडिक्स आत फुटलं होतं, पू पसरला होता. तो तरुण डॉक्टर स्पष्टच बोलला. "प्रयत्न करतो. खात्री देत नाही." नकोशी धुण्याच्या ओल्या साडीवर तशीच आली. तिनं कागदावर सही केली आणि कुशाबाईच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. दोघी तीन दिवस तिथंच होत्या. मी डबा आणायचो. गाववाले येऊन जायचे, केळी ठेवायचे आणि कॉरिडॉरमध्ये "देवाच्या मनात असेल तसं" असं म्हणायचे. कुशाबाई एकेकाला हाकलायची. "देवाचं नाव पोरीच्या कानावर घालू नका. ती ग्लानीतबी शपथेचा हिशेब लावीत पडलीय."

चौथ्या दिवशी पोरगी शुद्धीवर आली. पहिलं काय बोलली असेल? "पप्पा पिले नव्हते. सगळ्यांना सांगा."

कुशाबाईनं मला दंडाला धरून कॉटपाशी उभं केलं. "सांग तिला."

आयुष्यभर मी लोकांना बोलून हसवलं, पण त्या दिवशी तोंड उघडायला घाम फुटला. म्हणालो, "श्रेया, ती शपथ मी बनवली. माज्या मनानं. देवाचं त्यात काय न्हाय. बाप पिला म्हणून पोर मरत न्हाय. तुझं आतडं सुजलं हुतं, ते कुणाचंबी सुजतं. शंभूराजचंबी सुजलं हुतं मागं. त्याच्या बापानं तर कदी चहाबी पिला न्हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता हसेल. तिनं विचारलं, "मग पप्पा माज्यासाठी सोडनार, ते बी खोटं?"

नकोशी तोंडात पदर घालून बाहेर गेली. कुशाबाई कॉटवर बसली.

"व्हय," ती म्हणाली. "खोटं. तुज्यामुळं पीत न्हाईत, आन् तुज्यामुळं सोडनार बी न्हाईत. ते त्येंचं दुखनं हाय."

"मग मी काय करायचं?"

"दुखलं की दुखतंय म्हनायचं. येवढंच तुझं काम."

पोरगी रडली. टाके ताणले जातील म्हणून नर्स धावत आली, तरी कुशाबाईनं तिला रडू दिलं.

त्याच दुपारी दीपक आला. दाढी केलेली, डोळे लाल, वास अजून होताच. "माजी बाय, माजी लक्षुमी," म्हणत कॉटकडं आला. "तुजी शपथ घिऊन सांगतो, आजपासनं—" आणि हात तिच्या डोक्याकडं नेला. श्रेयानं मान उशीत खुपसली. कुशाबाईनं तो हात मधल्यामधे मनगटाला धरला.

"सोडायची आसंल तर सवताच्या डोक्यावर हात ठिव," ती म्हणाली. "बारामतीत सोडवायचे दवाखाने हायत. संभा पत्ता दील. पोरीचं डोकं आता मिळायचं न्हाय."

दीपकला पत्ता मी दिला. लिहून खिशात घातला. तो गेला नाही. अजून गेलेला नाही. कधी जाईल, हेही मला ठाऊक नाही, आणि "जाईल" असं तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी लिहिणार नाही.

घटस्थापनेच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो माझ्या दुकानासमोर आडवा पडला. रस्त्यात माणसं होती, शाळेची पोरं होती. श्रेया समोरनं येत होती, हळू, एक हात पोटावर धरून. अप्पा माझ्याकडं बसले होते. त्यांनी आपला मोठेपणा दाखवला, पोरीची लाज राखायला आवाज दिला, "श्रेया, पप्पांना बरं न्हाय का गं? थंडीताप हाय वाटतं."

ती थांबली. तिनं बापाकडं पाहिलं, मग अप्पांकडं.

"पिलेत, अप्पा," ती म्हणाली. "तुमी कुणीतरी उचला. डॉक्टरनी मला वजन उचलू नको सांगितलंय. टाके दुखत्यात."

अप्पांनी त्याचे पाय धरले, मी काखेत हात घातले. चांगलाच जड होता.