भीमेत सोडलेली गाठ

आमच्या घरातली मेंढरं आजोबांच्या काळातच गेली. आता वडगाव रासाईत आमचा ऊस आहे. पण जनावर चाचपायची खोड काही गेली नाही. माझ्या मांडीत गाठ आली तेव्हा थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, ती दोन बोटांत धरून हलवली आणि निकाल दिला.

"चरबीची हाय. दुखतीय का? न्हाई ना? मग गप ऱ्हा. मेंढरांना अशा ढिगानं येत्यात."

मी मेंढरू नव्हतो, एवढं कुणाच्या लक्षात आलं नाही.

लिंबाएवढी गाठ पेरूएवढी झाली, तेव्हा आम्ही दौंडला एका डॉक्टरकडे गेलो. भिंतभर सर्टिफिकिटं लावलेला हा विद्वान आबांच्या वरताण निघाला. त्यानंही दोनच बोटं लावली. ना फोटो, ना सुई घालून तपासणी. जागा बधिर केली, गाठ काढली आणि ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवायला बाहेर पाठवली, जणू बारशाचे पेढे. ती तपासायला पाठवायची असते, हे त्याच्या गावीही नव्हतं. आबांनी मागितली तशी पिशवीत घालून देऊन टाकली.

अंगातून काढलेलं परत अंगात येऊ नये म्हणून वाहत्या पाण्यात सोडायचं, ही आमच्या घरची रीत. आबांनी गाठ माझ्यावरून उतरवली, भीमेत सोडली आणि घरी येऊन चहा घेतला. डॉक्टरच्या हातगुणाचं गावभर कौतुक झालं.

गाठ परत आली. त्याच टाक्यांखाली, पहिलीपेक्षा मोठी.

पुण्याच्या सर्जन बाईंनी पहिल्या गाठीचा रिपोर्ट मागितला. "नदीत सोडली," मी म्हणालो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एमआरआय केला, सुईनं तुकडा काढून तपासला. सार्कोमा निघाला. स्नायू, चरबी असल्या मऊ भागांत होणारा, क्वचितच दिसणारा कॅन्सर.

"आधीच तपासून नीट काढली असती तर सोपं होतं," त्या म्हणाल्या. "आता जुना व्रण आणि भोवतीचा स्नायू सगळं एकत्र काढावं लागेल. पाय वाचवायचा प्रयत्न करू. शब्द देत नाही."

मी साफ घाबरलो. ऑपरेशनच्या सकाळी भूल चढेपर्यंत पायाची बोटं हलवत राहिलो. शुद्धीवर येताच आधी चादर चाचपली. पाय होता. त्या वॉर्डात सगळ्यांसमोर मी हमसून रडलो.

आबा भेटायला आले ते रिकामी पिशवी घेऊनच. "गाठ कुठं हाय? सोडून येतो."

"तपासायला गेलीय, आबा."

"अशानंच परत येती," आबा म्हणाले. आमच्या घरातलं संशोधन अजून चालूच होतं.

घरी आलो. काही आठवड्यांनी, काठी टेकत ओसरीवर आलो तर आबांचा धाकटा मुलगा त्यांच्यापुढं दंड उघडा करून बसलेला. आबांची दोन बोटं त्यावर.

"चरबीची हाय. दुखतीय का?"

मी पायजमा वर सारला आणि मांडी त्यांच्यासमोर धरली. जिथं मांस असायचं तिथं खड्डा होता.

"घाला आबा, बोटं इथं घाला. दोन्ही मावतील."

आबांनी मान फिरवली. चुलतभाऊ त्या खड्ड्याकडं बघत राहिला. मग त्यानं आबांचा हात बाजूला केला आणि मला विचारलं, "दादा, पुण्याला कवा जायाचं?"