भावाचा डबा

बांगडे तळल्याचा वास आला की मला तुरुंगाचं फाटक आठवतं. किनाऱ्यावर जाळ्यांवरून झालेल्या मारामारीत माझा थोरला भाऊ आत गेला होता. आई दर भेटीला तळलेल्या बांगड्यांचा डबा न्यायची आणि "मी पोचवतो," म्हणत शिपाई तो ठेवून घ्यायचा. एकदा भाऊ जाळीपलीकडून म्हणाला, "आये, एकदा तरी माका बांगडो घेवन ये गो." आई ताडकन शिपायांच्या खोलीत शिरली. दोघे आमच्याच डब्यातून जेवत होते. "माझ्या झिलाच्या तोंडचा खातास? लाज नाय?" ती कडाडली. काटा थुंकत एकजण म्हणाला, "आवाज खाली. पोराला पुन्हा भेटायचंय ना?" पुढच्या खेपेला तुरुंगाच्या साहेबांनी बजावलं, "आधी शिपायांची माफी मागा, मग भेट." भावासाठी आईने हात जोडले. तो संताप माझ्या अंगातून आजही गेलेला नाही.