शेजारासकट साईट

आमच्या भाऊजींनी मनातल्या मनात जेवढ्या वेबसाईट उभारल्या आणि पाडल्या, तेवढ्या विहिरी साऱ्या भंडारा जिल्ह्यात खोदल्या गेल्या नसतील. आणि हे मी गोंदिया वेगळा निघण्याआधीचा अख्खा जिल्हा धरून सांगतो आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान साकोलीच्या एका कचेरीत कारकून होते. इंटरनेट तेव्हा साकोलीत नवंनवं होतं. बसस्टँडजवळ एका बाईंनी कॅफे काढला होता, त्यांना सगळे मॅडम म्हणत. लोक तिथे निकाल बघायला जात आणि भाऊजी स्वप्नं बघायला. एकदा मॅडमनी त्यांना कुणाचा तरी ब्लॉग उघडून दाखवला. भाऊजींनी तो मान वाकडी करून वाचला आणि विचारलं, "हा एकटाच बोलून राहिला काय?" मॅडम हो म्हणाल्या. "मंग याच्या बाजूले कोण राह्यते?"  भाऊजी घरी आले ते हाच प्रश्न घेऊन. एकट्यानं तर येडाही बोलतो, अख्ख्या गावानं बोललं पाहिजे. साईट एक, पण घरोघरचा ब्लॉग वेगळा. त्या दिवसापासून आमच्या ताईच्या संसारात एक सवत आली.

ही साईट कशी असावी याचा विचार भाऊजींना कुठेही येई, आणि आला की पाय जागच्या जागी थांबत. सानगडीच्या बाजारात ताईनं वांगी आणायला सांगितली, तर हे वांग्याच्या ढिगासमोर उभे, हातात एक वांगं, नजर दूर कुठेतरी. भाजीवाली बिचारी म्हणाली, "भाऊ, किडकं नाही जी ते." भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, "राजा, म्हाताऱ्यांच्या ध्यानात पासवर्ड राह्यनार नाही. आपण तो ठेवूच नये. साईटनं पुसावं, तुझ्या घरामागं कशाचं झाड होतं? सांगितलं की कवाड उघडलं." मी म्हटलं, "भाऊजी, कुणाच्या घरामागं कोणतं झाड होतं हे तर गावात सगळ्यांनाच ठाऊक असणार. कोणीही कोणाचाही ब्लॉग उघडेल." त्यावर त्यांनी माझी कीव केली. "मंग? आमच्या गावात कवाडाले कुलूप पाह्यलं होतं काय तू?" त्या दिवशी घरी वांगी आलीच नाहीत, कोहळं आलं.

संध्याकाळी ते मला तलावाच्या पाळीवर घेऊन जात. पाणी तांबूस व्हायचं, बगळे झाडांवर परतायचे, आणि भाऊजी त्या पाण्याकडे बघत साईटबद्दल बोलायचे. हळूहळू मला कळलं की ते पाण्याकडे उगीच बघत नाहीत. त्यांचं गाव वैनगंगेच्या काठचं. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढत आलं तसं गाव उठलं आणि पाच वेगवेगळ्या पुनर्वसनांत जाऊन बसलं. घरं मिळाली, रस्ते मिळाले, रस्ते तर गावातल्यापेक्षा रुंद. पण जागा चिठ्ठ्या टाकून निघाल्या, त्यामुळे शेजार मोडला. भाऊजींची आई, जिला सगळे माय म्हणत, आणि शेजारची म्हातारी यांच्या घरांमध्ये एकच कूड होता, काड्यांची मातीनं लिंपलेली भिंत. सारा जन्म दोघी त्या कुडाच्या दोन बाजूंनी बोलल्या. तोंड न बघता बोलायची सवयच झालेली. आता शेजारीण दुसऱ्या वस्तीत, दोन बस बदलून जायचं अंतर. नव्या घरात माय भाजी निवडताना पक्क्या भिंतीकडे तोंड करून काहीतरी बोले आणि मग थोडी थांबे. ते थांबणं भाऊजींनी पाहिलं होतं. मायचे डोळे उघडे आहेत तोवर तिला तिची शेजारीण परत मिळवून द्यायची, एवढंच त्यांना हवं होतं. बाकी सगळं तंत्रज्ञान त्यासाठी होतं.

म्हणून मॅडमशी त्यांचे वाद होत. मॅडम सांगत, "सर, जो नवीन लिहिते तो वर येते. सारीकडे असंच असते." भाऊजी दुखावले जात. "काहून? काल आलेला पोट्टा म्हाताऱ्याच्या डोक्श्यावर बसवता काय?" त्यांना घरं गावातल्या क्रमानंच हवी होती. कुणाचं वाचायचं तर त्याच्या घरापर्यंत गल्लीनं चालत जायचं, वाटेतल्या प्रत्येकाला राम राम, जय भीम करत. मॅडम म्हणाल्या, लोक कंटाळतील. भाऊजी म्हणाले, गल्लीतून चालायला कंटाळणारा माणूस आमच्या गावचा नाहीच. शेजाऱ्याचं लिहिलेलं आपल्याकडे घ्यायच्या सोयीला त्यांनी नाव दिलं 'इस्तो'. चूल विझली की शेजारणीकडून इस्तो, म्हणजे निखारा, मागून आणायचा. देणाऱ्याची चूल काही त्यानं थंड होत नाही. आणि इस्तो नेताना दोन शब्द बोलल्याशिवाय कोणी परतत नाही, म्हणून भाऊजींचा हट्ट की दोन शब्द लिहिल्याशिवाय ते बटण चालू नये. मॅडमनी कपाळावर हात मारला, पण बटण केलं. त्या बाईंनाही या गल्लीची ओढ लागली होती, असं मला आपलं वाटतं.

सगळं जुळत आलं आणि एके दिवशी भाऊजींचे बालमित्र घरी आले. हे गुरुजी, एका शाळेवर मास्तर, त्याच गावचे. भाऊजींनी उत्साहानं जमिनीवर खडूनं गल्ली काढून दाखवली. हे मारुतीचं देऊळ, हे पाटलाचं घर पहिलं, मग हे, मग ते, इकडे आमचे ढिवरांचे घरं. गुरुजींनी बोट गल्लीच्या पार शेवटाला, सुट्या काढलेल्या घरांपर्यंत नेलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "भाऊ, गाव बुडालं. पण आमची बौद्धवस्ती तुझ्या साईटवरही गावाबाहेरच काय?" भाऊजींच्या हातातला खडू तसाच राहिला. पुढे काही दिवस धड जेवले नाहीत, पाळीवर आले नाहीत, साईटचं नाव काढलं नाही. ताई घाबरली, ती सवत आता तिचीही झाली होती. मग एका सकाळी दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून भाऊजी सायकलवर बसले आणि गुरुजींच्या दारात जाऊन उभे राहिले. "शेवटचं घर पह्यल्या घराच्या बाजूले लावतो. गल्ली गोल. मंग बाहेर कोण आन् आत कोण?" गुरुजींनी त्यांना आधी तोंड धुवायला पाणी दिलं आणि मग मिठी मारली.

साईट काही झाली नाही, हे आताच सांगून टाकतो. पण तिचं उद्घाटन झालं. एका रविवारी एका पुनर्वसनातल्या शाळेत मॅडम कॉम्प्युटर घेऊन आल्या, आणि पाचही वस्त्यांतून माणसं आली. नाव नोंदवताना डावीकडचा शेजारी कोण, उजवीकडचा कोण हे सांगायचं होतं. भाऊजींनी दारातूनच हाळी दिली, "घरानं उभे राहा बाप्पा! ज्याचा शेजारी त्याच्या बाजूले!" आधी थोडा गोंधळ, थोडी भांडणं, "तुयं घर इकडं नाही, विहिरीकडं होतं" वगैरे. मग माणसं हॉलच्या चारी भिंतींना लागून सरकत सरकत बरोबर जागी लागली. रांग गोल झाली. गुरुजींच्या वस्तीतली म्हातारी पाटलांच्या सुनेला लागून उभी राहिली. मधे कुठे कुठे माणसं नव्हती. कोणी नागपूरला गेलं होतं, कोणी देवाघरी. त्या जागा कोणी भरल्या नाहीत. तिथे कुणी दुपट्टा ठेवला, कुणी चप्पल काढून ठेवली, म्हणजे घर आहे हे कळावं.

मॅडमनी विचारलं, "हां, पहिला नंबर कोणाचा?"

कोणीच हललं नाही. गोल रांगेत पहिलं कोण असणार? ही चूक आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. शिवाय पुढे गेलं तर जागा सुटणार होती. मॅडम दोनदा-तीनदा हाका मारून थकल्या. रांगेत बोलणी सुरू झाली होती, या शेजाऱ्याची त्या शेजाऱ्याशी, हॉलभर. माय आणि तिची शेजारीण खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या, पण एकमेकींकडे न बघता, समोर बघत बोलत होत्या, आणि माय बोलून झाल्यावर थांबत नव्हती, कारण लगेच उत्तर येत होतं.

भाऊजी कॉम्प्युटरपाशी एकटेच उभे होते. पडद्यावर नावाची चौकट उघडी, रिकामी. मायनं बोलता बोलता मान वळवली आणि वैतागून म्हणाली, "काहून तिकडं उभा आहेस बे? आपलं घर अर्धंच उभं आहे इकडं."

भाऊजी गेले आणि मायच्या बाजूला उभे राहिले.