हेल्मेट धुवून आणा

मी डोक्यावरून हेल्मेट काढलं आणि तिच्यापुढं धरलं. तिनं घेतलं नाही. आधी माझ्या हाताकडं बघितलं, मग हेल्मेटकडं. मग क्लबच्या सेक्रेटरींना म्हणाली, "हे नको मला. दुसरं बघा ना."

"दुसरं मोठं होतं तुम्हाला, मॅडम. लेडीज साइजचं हे एकच आहे."

"मग धुवून द्या."

एवढंच. आवाज चढवला नाही. हॉटेलात ग्लासला डाग दिसला की वेटरला सांगतात, तसं.

तेच हेल्मेट सकाळपासून आम्ही सगळ्याजणी घालत होतो. एक डॉक्टरीण, एका बिल्डरची सून, कॉलेजातली एक मुलगी. एकीचं उतरलं की दुसरीच्या डोक्यावर. घाम तसाच. आत केस अडकलेले तसेच. सरावाच्या फेरीला तर हिनं स्वतः डॉक्टरणीच्या डोक्यावरून काढून घेतलं होतं, हसत. तेव्हा कुणाला पाणी आठवलं नाही.

तिचं नाव ऋतुजा. तिला गाडी मी शिकवली होती.

सोलापुरात एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी बायकांना गाडी शिकवायचे. ऋतुजा रोज सकाळी यायची. पहिल्या आठवड्यात क्लच सोडताना तिचा पाय थरथरायचा. होटगी रोडला मागून ट्रकनं हॉर्न दिला की ती स्टिअरिंग सोडून माझा हात पकडायची. तिच्या पर्समधल्या बाटलीतलं पाणी आम्ही दोघी प्यायचो. मला ती ताई म्हणायची. स्कूलमध्ये सगळ्याच ताई म्हणायच्या. आडनाव कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्याकडं आडनाव ऐकलं की जात कळते. पुढं काही विचारावं लागत नाही.

आम्ही बौद्ध. गाव सांगोल्याकडं. वडील दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर. डाळिंबाचे क्रेट भरून सोलापूरच्या मार्केटला यायचे. मी शाळा सुटली की त्यांच्या शेजारी बसायचे. गिअर कधी पडतो ते मला आधी कानाला कळलं, हाताला नंतर. पाय ब्रेकला पोचायला लागले तसं त्यांनी मला माळावर गाडी दिली. आई ओरडायची. वडील म्हणायचे, "शिकू दी की. पोटाला कामी येतंय."

पोटाला कामी आलंच. पण मला पोटापेक्षा जास्त हवं होतं. मोबाइलवर मी मातीतल्या शर्यती बघायचे. मोकळ्या मैदानावर शंकू मांडलेले असतात. एकेकानं आपली गाडी त्यांच्यातून काढायची. शंकू पाडायचा नाही, वेळ कमी लावायचा. समोर दुसरी गाडी नसते. तुम्ही आणि घड्याळ. मला वाटलं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. घड्याळाला कुठं कळतं आपण कोण.

सलीमभाईंच्या गॅरेजच्या मागं एक जुनी छोटी गाडी उन्हात पडून होती. स्कूलच्या गाड्या त्यांच्याकडंच दुरुस्तीला जायच्या, तशी ओळख. मी भीतभीत विचारलं. ते म्हणाले, "ले जा बेटी. पण चालू आपण दोघांनी मिळून करू."

दर सुट्टीला मी तिथं. मागची सीट काढली, मॅट काढले, दाराचे आतले पत्रे काढले. गाडी हलकी झाली की पळते. ड्रायव्हरची सीट आणि पट्टे भंगारबाजारातून आणले. टायर जुनेच, पण नक्षी शिल्लक असलेले. नवीन फक्त ब्रेक घातले. त्याच्यात सलीमभाईंनी काटकसर करू दिली नाही. सराव गावच्या पाझर तलावात. उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत असतो. शंकू नव्हते, म्हणून वडील डाळिंबाचे रिकामे क्रेट मांडायचे आणि बांधावर बसून बघायचे. एखादा क्रेट उडाला की शांतपणे उठून परत मांडायचे.

मग सोलापुरातल्या मोटर क्लबचं पोस्टर आलं. अक्कलकोट रोडला माळावर शर्यत. पहिल्यांदा उतरणाऱ्या महिलांचा वेगळा गट. कुठलीही गाडी चालेल. हेल्मेट क्लब देईल. मी त्याच दिवशी नाव दिलं.

मैदानावर ऋतुजा दिसली. नवऱ्याची नवीकोरी गाडी घेऊन आली होती. मला बघून पळत आली, गळ्यात पडली, सगळ्यांना म्हणाली, "ह्या माझ्या गुरू." खोटं वागत नव्हती. मला आजही तसंच वाटतं.

सरावात नुसतं ताई, मॅडम चाललं. पहिल्या खऱ्या फेरीला मात्र माइकवाल्यानं माझं पूर्ण नाव पुकारलं. नाव, वडलांचं नाव, आडनाव. वर गावही. मी गाडीत पट्टा आवळत होते. सहज मान वळवली तर मांडवाखालच्या खुर्च्यांवर ऋतुजाची सासू तिच्या कानाशी वाकलेली. ऋतुजा माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझत होतं.

झेंडा पडला. मी निघाले.

ती फेरी माझी होती. चुन्याच्या रेघेवरून सुटले, पहिल्या वळणाला हँडब्रेक ओढला, मागची चाकं घसरली आणि नाक बरोबर पाहिजे तिकडं आलं. काचेवर नुसती धूळ. एकही शंकू हलला नाही. परत आले तेव्हा सलीमभाई दोन्ही हात वर करून उभे होते. माइकवर सांगितलं, महिलांमध्ये आतापर्यंतचा सगळ्यात कमी वेळ.

त्याच आनंदात मी खाली उतरले आणि हेल्मेट तिच्यापुढं धरलं.

सेक्रेटरी मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, तिकडं टँकर आहे. जरा धुवून आणा. विषय वाढवू नका."

मी ऋतुजाकडं बघितलं. ती नखं बघत होती. मी गेले. हे लिहायला लाज वाटते, पण मी गेले. पाय आपोआप निघाले. असं कुणी सांगितलं की निघायचं, हे पायांना लहानपणापासून ठाऊक होतं.

धूळ बसवायला आणलेला टँकर माळाच्या कडेला उभा होता. नळीतून पाणी ठिबकत होतं. मी नळी उचलली आणि मला गावचा टँकर दिसला. दुष्काळात तो आधी गावात रिकामा व्हायचा, उरलं तर आमच्या वस्तीत. नळी आमच्या घागरीला लागता कामा नये. वाटणारा वरून धार सोडायचा. वडील घागर खाली धरून उकिडवे बसायचे. अर्धं पाणी मातीत जायचं. एकदा मी घागर वर उचलली, नळीच्या तोंडाला लावली, कारण पाणी वाया जात होतं. त्यानं नळी काढून घेतली आणि वडलांना म्हणाला, "पोरीला शिकीव काय तरी." वडील म्हणाले, "व्हय मालक." पिकअप चालवताना घाटात न घाबरणारा माणूस. व्हय मालक.

मी नळी खाली टाकली.

कोरडं हेल्मेट घेऊन परत आले. ऋतुजाच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. म्हणाले, "मी धुणार नाही. सकाळपासून आपण सगळ्यांनी घातलंय. माझ्यानंतरच का धुवायचं, ते इथं सगळ्यांसमोर सांग."

डॉक्टरीण मोबाइल बघायला लागली. ऋतुजाची सासू मात्र खुर्चीवरून म्हणाली, "ह्या लोकांना जरा जवळ केलं की डोक्यावर बसतात."

सेक्रेटरी म्हणाले, "ताई, तुमची दुसरी फेरी होणार नाही. गैरवर्तन."

गैरवर्तन माझं.

दोन्ही फेऱ्या केल्याशिवाय निकाल धरत नाहीत. माझा वेळ फळ्यावरून पुसला. ओल्या फडक्यानं, माझ्यासमोर. बक्षीस ऋतुजाला मिळालं. तिला हेल्मेट दुसऱ्या गटातून आणून दिलं होतं, मोठं का होईना.

दोन दिवसांनी तिचा मेसेज आला. "ताई, तसं काही नव्हतं हो. मला स्किनचा त्रास आहे." मी उत्तर दिलं नाही. स्कूलच्या मालकांनी बोलावलं. चांगला माणूस. मान खाली घालून म्हणाले, "आपलं सगळं गिऱ्हाईक त्याच लोकांतलं हाय. तू समजून घे." मी समजून घेतलं आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

तिथून पोलीस ठाण्यात गेले. सगळ्यांसमोर जातीवरून अपमान झाला, अशी तक्रार दिली. साहेब म्हणाले, "हेल्मेटसाठी केस? विचार करा." मी म्हणाले, केला. त्यांनी बसवून ठेवलं. मी बसले. साक्षीदार कोण, विचारलं. सलीमभाई गॅरेज बंद करून आले आणि जे ऐकलं ते शब्दाला शब्द सांगितलं. बाकी मैदान भरलेलं होतं. त्यातलं कुणी आलं नाही.

मग सेक्रेटरी गावी घरी आले. सोबत ऋतुजाचा नवरा. पेढ्यांचा बॉक्स. पुढच्या वेळी क्लबची गाडी देऊ, म्हणाले. पुण्याच्या शर्यतीला क्लबतर्फे पाठवू. सगळा खर्च क्लबचा. तुमच्यात गुण आहे, तो वाया जायला नको. फक्त ती तक्रार तेवढी मागं घ्या.

खोटं कशाला सांगू, क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. पुण्याच्या शर्यतीत मी झोपेत गाडी पळवलेली आहे.

वडील माझ्याकडं न बघता म्हणाले, "मागं घी बाई. आपल्याला त्येंच्याशी न्हाय पुरायचं. गाडी तरी चालवायला मिळंल."

मी म्हणाले, "नाना, तुम्ही घागर खाली धरली. मला ती पुढच्या पोरीच्या हातात द्यायची नाही."

ते उठून बाहेर गेले. अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

पाहुण्यांना मी पेढे परत दिले. सांगितलं, तक्रार मागं येणार नाही. तुम्ही पुण्याला न्या की दिल्लीला. कोर्टात तारखा पडतील तितक्या पडू द्या, प्रत्येक तारखेला मी उभी राहीन.

आता मी शहरात मालाचा टेम्पो चालवते. गाडी विकलेली नाही. सुट्टीला तलावात जाते. क्रेट स्वतः मांडते. इथल्या क्लबनं दार बंद केलं तर दुसऱ्या जिल्ह्यात नाव देईन, तिथं बंद केलं तर तिसऱ्या. हरले तर वेळ जास्त लागला म्हणून हरेन. दुसऱ्या कुठल्याही कारणानं हरायला मी तयार नाही.