देवघरापुढचा डाग

आमच्या देवघरापुढच्या संगमरवरी फरशीवर वाटीएवढा डाग आहे. तिरपा उजेड आला की तेवढीच जागा निस्तेज दिसते. आज नात फरशी पुसता पुसता थबकली. "आजी, इथे कुणी लिंबू घासलं होतं का? त्याने संगमरवराची चकाकी जाते."

कुणी म्हणजे काय! या घरात एक अतिशहाणी सूनबाई होती. चिंचेने समई उजळते, मग लिंबाने फरशी का नाही, हे तिचं शास्त्र. हळदीचा डाग काढायला बसली आणि फरशीचं तेजच काढून उठली. सासूबाईंनी विचारताच तिने बोट दाखवलं ते फरशी पुसणाऱ्या शेवंताबाईंकडे.

"मी तर नुसत्या पाण्यानं पुसते, वहिनी," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे कितीतरी वर्षं मात्र तेवढी जागा दोनदा पुसायच्या, जणू डाग त्यांचाच.

शेवंताबाई आता नाहीत.

"मीच घासलं गं," मी नातीला सांगितलं.

"मग पॉलिश करून घेऊ या?"

"नको. नमस्काराला वाकले की माझं कपाळ बरोबर तिथेच टेकतं. टेकू दे."